हत्ती जिंकेल की डायनोसॉर?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींनी मुद्रणदोषाची शंका घेतली, असे कार्यवाहांनी मला सांगितले. सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ज्ञानेश्वर असावेत, टिळक असावेत, फार तर रायपुरातील मराठी माणसाचा इतिहास असावा. तेथे हत्ती आणि डायनोसॉर यांची झुंज कोठून आली? शंका रास्त आहे. शिवाय मी शास्त्रज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या लेखा खात्यात तीस वर्षे आकडे तपासणारा, इतिहास घेऊन बी. ए. झालेला एक सामान्य नोकरदार आहे. तेव्हा हा विषय माझ्याकडे कसा आला, ते प्रथम सांगितले पाहिजे.

आपल्या मंडळात दर रविवारी मुलांचा मराठी वाचनवर्ग भरतो. तो चालविण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात या वर्गात एक मारामारी झाली. एक मुलगा आठवीतला, दुसरा सहावीतला. या प्रसंगात मंडळाच्या एका खुर्चीचा पाय निखळला आणि ती बाब कार्यकारिणीपुढे गेली. मी चौकशी केली तेव्हा कारण असे निघाले की, आफ्रिकेतला हत्ती आणि टायरॅनोसॉरस रेक्स यांची लढत झाली तर कोण ‘जीतेल’, यावर दोघांचा मतभेद होता. ‘जिंकेल’ नव्हे, ‘जीतेल’. रायपुरात वाढलेल्या मुलांची मराठी तशीच असावयाची. मी शिक्षकास शोभेल असा चेहरा करून दोघांना दटावले, ‘असले भलतेसलते प्रश्न घरी ठेवून या’ असे सुनावले आणि धडा पुढे चालू केला.

पुढच्या रविवारी ते दोघे आले नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी चौघे आले नाहीत. अकरा मुलांचा वर्ग पाचांवर आला. त्या पाच मुलांसमोर बसलो असता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि तिने मला पुढे बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्या संबंध वर्षात मुलांनी आपण होऊन, कोणी न सांगता, मराठीत विचारलेला तो एकच प्रश्न होता; आणि तोच मी हाकलून दिला होता.

मी त्या थोरल्या मुलाच्या घरी गेलो. म्हटले, “ये. आपण या प्रश्नाचा निकाल लावू. मात्र एक अट. मी लेखा खात्याचा माणूस आहे. पावती दाखविल्याशिवाय मी कोणाचीही रक्कम मंजूर करीत नाही. जो जे म्हणेल, त्याचा त्याने पुरावा दाखवावयाचा.” तो कबूल झाला, पण जाता जाता म्हणाला, “सर, पुरावा आपल्याला कुठे मिळणार? हे सगळे प्राणी अमेरिकेत होते. आपल्याकडे काय होतं?”

आजचे भाषण म्हणजे या मुलाला दिलेले उत्तर आहे. ते मला एका बैठकीत देता आले नाही. सहा महिने लागले.

मोठमोठे प्राणी एकमेकांसमोर उभे करण्याची हौस मुलांनी चित्रपटांपासून घेतली, असे आपण म्हणतो. परंतु ही हौस जुनी आहे. बडोद्यास गायकवाड सरकारच्या पदरी हत्तींच्या झुंजी आणि साठमारी यांसाठी स्वतंत्र आखाडा होता. १८७५ साली इंग्लंडचे युवराज तेथे आले तेव्हा त्यांच्यासमोरही हे खेळ झाले. कोल्हापुरात तर साठमारी हे नाव आजही जागेला चिकटून राहिले आहे. आणि त्याही पूर्वी, गजेंद्र आणि नक्र यांची सरोवरातली झुंज आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलीच आहे. तात्पर्य, मुलांचा प्रश्न परका नाही. पक्षकार तेवढे नवे आहेत.

या पक्षकारांपैकी टायरॅनोसॉरस रेक्स खरोखरच उत्तर अमेरिकेचा. शिकागोच्या फील्ड संग्रहालयात ‘सू’ या नावाने प्रसिद्ध असलेला सांगाडा सुमारे बारा मीटर लांब आहे. अशा पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन आठ टनांच्या आसपास धरतात. परंतु ‘आपल्याकडे काय होते’ या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते आपल्या घराच्या वाटेवरच आहे.

१८२८ साली जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम स्लीमन यांना दगड झालेली हाडे सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून आपण ज्यांना ओळखतो, तेच हे स्लीमन. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये तयार केला. म्हणजे आपल्या भागातली हाडे त्या शब्दाहूनही चौदा वर्षांनी जुनी आहेत! पुढे १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. हा लांब मानेचा, पाला खाणारा प्राणी. मांसभक्षकांची हाडे त्यानंतर आली. चार्ल्स मॅटली यांनी १९१७ ते १९१९ या काळात त्याच टेकडीवर खोदकाम केले, आणि १९३३ मध्ये फॉन ह्यूने या जर्मन शास्त्रज्ञासमवेत ‘इंडोसुकस’ आणि ‘इंडोसॉरस’ या दोन शिकारी डायनोसॉरांचे वर्णन प्रसिद्ध केले.

या कुळातला आपला खरा नामांकित मल्ल म्हणजे ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहिओली गावी १९८०-९० च्या दशकाच्या प्रारंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या सुरेश श्रीवास्तव प्रभृतींनी त्याची हाडे गोळा केली. कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, मागील पाय असे अवशेष होते. त्यांची जुळणी होऊन २००३ साली भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून त्याचे बारसे केले. डोक्यावर एक बुटके शिंग, आखूड व रुंद तोंड. त्याची लांबी प्रथम नऊ मीटरपर्यंत मानली गेली. नंतरच्या अभ्यासकांनी ती साडेसहा मीटरांवर आणली. नावात राजा आहे आणि नर्मदा आहे. माझ्या त्या विद्यार्थ्याला हे सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, “म्हणजे हा आपल्या टीमचा!”

येथे मला एक घरगुती गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्यापैकी अनेकांची घराणी नागपूर, भंडारा, चांदा या भागांतून आली. कोणी भोसल्यांच्या राज्यात आले, कोणी रेल्वेच्या नोकरीत. माझे वडील वरोऱ्याचे. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे हे गाव आज सर्वांना ठाऊक आहे. लहानपणी सुट्टीत तेथे गेलो की ‘पिसदुरा’ हे गावाचे नाव कानावर पडे. अमक्याची सोयरीक पिसदुऱ्याची, तमक्याची बैलजोडी पिसदुऱ्याहून आणलेली. यापलीकडे त्या नावात काही असेल, अशी कल्पना मला पन्नाशी उलटेपर्यंत नव्हती. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ज्यांच्या नावाने चालते, ते पाद्री स्टीफन हिस्लॉप हे मोठे हौशी भूशास्त्रज्ञ होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्यांनी नागपूर व चांदा या भागांतून जीवाश्म गोळा केले; पिसदुऱ्याचे नाव तेव्हापासून शास्त्रीय ग्रंथांत आहे. त्याच परिसरातील डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९८०-९० च्या दशकात एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरचा सांगाडा मिळाला. त्याचे आजचे नाव ‘इसिसॉरस’.

मी इतिहासाचा विद्यार्थी. वरोऱ्याच्या कोळशाचा आणि कापसाचा इतिहास मला ठाऊक होता. पण माझ्या वडिलांच्या गावाबाहेरच्या मातीत काय निजले आहे, ते मला एका आठवीतल्या मुलाच्या भांडणामुळे कळले.

मुलांनी अर्थातच पुढचा प्रश्न विचारला: मग रायपुरात खणले तर? रायपुरात डायनोसॉर मिळणार नाही. आणि त्याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आपल्या पायांखालचा चुनखडक, ज्यावर बलौदा बाजारकडचे सिमेंटचे कारखाने चालतात, तो सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे. हाडे असलेला प्राणी त्या काळी पृथ्वीवर जन्मालाच आला नव्हता. सूक्ष्म जीवांनी थरावर थर रचून केलेल्या आकृती मात्र त्या दगडात दिसतात. म्हणजे आपण येथे डायनोसॉरांच्या कितीतरी आधीच्या पानावर राहतो.

आता झुंजीकडे वळू. प्रथम कचेरीचा नियम: दोन्ही पक्षकार एकाच वेळी हजेरीपटावर होते काय? नव्हते. डायनोसॉरांचे युग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. हत्ती, वाघ, गवे यांची आजची घराणी त्यानंतर फार उशिरा उदयास आली. तेव्हा ही लढत कधीही झालेली नाही आणि होणार नाही. परंतु अंदाजपत्रक तर आपण दरवर्षी न झालेल्या खर्चाचेच करतो. ते आकड्यांनी केले म्हणजे झाले.

वाघ आणि राजासॉरस यांची जोडी आम्ही पाच मिनिटांत निकालात काढली. आपला मोठा नर वाघ दोनशे-सव्वादोनशे किलोंचा. समोरचा प्राणी वजनाने त्याच्या अनेकपट. वाघ शहाणा असतो. तो लढणार नाही, वाट सोडील. मुलांना हे आवडले नाही. वाघ पळतो हे कोणत्याही मुलाला आवडत नाही. परंतु वाघाचे मोठेपण यातच आहे. ज्याला पोट भरण्यासाठी रोज धावावे लागते, त्याला पायात काटा रुतणेसुद्धा परवडत नाही. जखमी शिकारी म्हणजे उपाशी शिकारी. म्हणून कोणताही शिकारी प्राणी बरोबरीची लढाई शोधीत नाही. तो लहान, आजारी, एकटा पडलेला असा सावज शोधतो. शिकाऱ्याचा पराक्रम हा पुष्कळसा हिशेबीपणा असतो, हे पहिले कलम आमच्या वहीत लिहिले गेले.

दुसरी जोडी रानगवा आणि राजासॉरस यांची. गव्याचा मोठा बैल हजार किलोंच्या घरात जातो. आपल्या राज्याचा मानाचा प्राणी जी रानम्हैस, तीही तितकीच, किंबहुना अधिक भारी. एकास एक सामना झाला तर राजासॉरसचे पारडे जड. त्याच्या कुळाची तोंडे आखूड, रुंद आणि मान बळकट असे. एकदा धरले की सोडावयाचे नाही, अशी त्यांची रीत असावी असे तज्ज्ञ मानतात. पण रानम्हशी एकेकट्या सामन्याला येत नाहीत. कळप पाठीला पाठ लावून शिंगे बाहेर करून उभा राहिला, की राजासॉरसनेही वाघाचाच मार्ग पत्करला असता.

तिसरी जोडी मूळ भांडणाची: हत्ती आणि टायरॅनोसॉरस. येथे आम्ही तीन रविवार घालविले. आपल्या जंगलातला नर हत्ती सुमारे चार टनांचा, आफ्रिकेतला सहा टनांचा. टायरॅनोसॉरस आठ टनांचा. त्याच्या जबड्याच्या जोराची गणिते शास्त्रज्ञांनी मांडली आहेत. मोठ्यात मोठ्या अंदाजांप्रमाणे तो साडेतीन ते पावणेसहा हजार किलो वजन एका दातावर ठेवण्याइतका होता. काही अंदाज पुष्कळ खालचे आहेत. जिवंत प्राण्यांत प्रत्यक्ष मोजलेला सर्वांत मोठा चावा खाऱ्या पाण्यातील मगरीचा, तो सुमारे सोळाशे किलोंचा. हा आकडा फळ्यावर लिहिताच सहावीतल्या मुलाने टाळ्या वाजविल्या. तो डायनोसॉरच्या पक्षाचा होता.

परंतु खर्चाची बाजूही पाहावयास हवी. टायरॅनोसॉरस दोन पायांवर उभा. हात इतके आखूड की पडला तर सावरण्यास निरुपयोगी. एवढ्या वजनाचा प्राणी वेगाने धावताना कोसळला तर पडण्यानेच मरेल, असे गणित १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. हत्ती चार खांबांवर उभा. तो ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत वेग घेतो, हे मोजून पाहिले आहे. त्याला सुळे आहेत, सोंड आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्मरण करणारी, कळपाला हाक घालणारी बुद्धी आहे. आफ्रिकेत सिंहांच्या मोठ्या टोळ्यांनी रात्रीच्या अंधारात अर्धवट वाढीचे हत्ती मारल्याच्या नोंदी आहेत. पण दिवसाढवळ्या जाणत्या हत्तिणीसमोर तेच सिंह बाजूस होतात.

आमच्या वर्गाचा निकाल असा झाला: एकटा आशियाई हत्ती आणि पूर्ण वाढलेला टायरॅनोसॉरस असा सामना अटळच झाला, तर चावा एकदा बसताच हत्ती हरेल. हत्ती आणि राजासॉरस असा सामना झाला, तर हत्ती जिंकेल. कारण राजासॉरस लढणारच नाही. आणि कळप असेल तर दोन्ही डायनोसॉर दुसरीकडे सावज शोधतील. हा निकाल दोन्ही पक्षांस अमान्य झाला. लेखापरीक्षकाचा अहवाल दोघांनाही अप्रिय असेल तर तो बहुधा बरोबर असतो, असा माझा नोकरीतील अनुभव आहे.

एवढ्यावर काम संपावयाचे. पण थोरल्या मुलाने मला माझ्याच अटीत पकडले. म्हणाला, “सर, हे सगळे अंदाज झाले. खऱ्या लढाईची पावती आहे का?”

आहे. जगप्रसिद्ध पावती मंगोलियाची. १९७१ साली तेथे पोलंड आणि मंगोलिया यांच्या संयुक्त मोहिमेला दोन डायनोसॉर एकमेकांत गुंतलेले सापडले: शिकारी व्हेलोसिरॅप्टर आणि शाकाहारी प्रोटोसेरॅटॉप्स. एकाचा नखाळ पाय दुसऱ्याच्या गळ्याशी, दुसऱ्याच्या जबड्यात पहिल्याचा हात. मादागास्करमध्ये राजासॉरसच्या एका भाऊबंदाच्या हाडांवर त्याच्याच जातीच्या दातांचे व्रण सापडले. ते संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे भाऊबंदकीची पावतीदेखील आहे.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती आपल्या देशातली पावती. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे धनंजय मोहबे यांना १९८०-९० च्या दशकात गुजरातेत ढोली डुंगरी येथे डायनोसॉरची अंडी आणि त्यांजवळ काही नाजूक हाडे सापडली. ती नुकत्याच जन्मलेल्या पिलाची असावीत, असे त्यांनी १९८७ मध्ये लिहिले. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला, तेव्हा त्यांना त्यात पिलाखेरीज आणखी कोणाचे तरी मणके दिसले. ते सापाचे होते. साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला. शेजारी अर्ध्या मीटरचे पिलू आणि न फुटलेली दोन अंडी. २०१० मध्ये दोघांनी इतर सहकाऱ्यांसह ते प्रसिद्ध केले आणि सापाला ‘सनाजे इंडिकस’ हे नाव दिले. पहिले मत बदलून नवे मत स्वतःच्या सहीनिशी मांडणारे मोहबे यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. आमच्या खात्यात एकदा केलेली नोंद खोडावयाची म्हणजे काय यातना होतात, ते मी जाणतो.

आता ही झुंज पाहा. एका पक्षाकडे, वाढला असता तर कित्येक टनांचा झाला असता असा जीव. दुसऱ्याकडे एक साप. आपल्या भूमीत दगडात कोरून राहिलेल्या या झुंजीत डायनोसॉर हा दुबळा पक्ष आहे! आणि साप तरी जिंकला काय? त्याने तोंड उघडण्यापूर्वीच वादळी पावसाने वाहून आलेल्या वाळूचिखलाने दोघांना एकत्र गाडून टाकले. त्या दगडात विजेता कोणीच नाही. हे मी सांगितले तेव्हा वर्गात कोणी टाळी वाजविली नाही.

तोच क्रम मोठ्या प्रमाणावर झाला. राजासॉरस ज्या भूमीवर हिंडला, तिच्यावर पुढे लाव्हारसाचे थरावर थर येऊन पडले. सह्याद्री त्या लाव्ह्याचा झाला. रायगडाचा कातळ तोच, आणि कवर्ध्याकडे मैकल पर्वतावर त्याच काळ्या दगडाची पूर्वेकडची किनार दिसते. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आकाशातून प्रचंड अशनी कोसळला. या दोन आघातांत कोणाचा वाटा किती, याचा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. परंतु राजासॉरसला कोण्या हत्तीने हरविले नाही, वाघाने नाही. आठ टनांचा गेला. सोळाशे किलोंचा चावा घेणाऱ्या मगरीचे कुळ उरले. कासव उरले, उंदराएवढे सस्तन प्राणी उरले. आणि डायनोसॉरांची एक शाखा पक्षी होऊन उरली. झुंज जिंकणे आणि टिकून राहणे या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत, हे दुसरे कलम.

या राज्यात राहणाऱ्या आपण सर्वांनी एक तिसरे कलमही वाचावयास हवे. भारतातील चित्त्यांची शेवटची तीन जनावरे सुमारे १९४७ साली कोरिया संस्थानाच्या राजेसाहेबांच्या बंदुकीने पडली, अशी नोंद आहे. ते कोरिया आज आपल्याच छत्तीसगढात आहे. १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. २०२२ मध्ये तो परदेशातून आणून कुनोत सोडावा लागला. उदंतीच्या जंगलातल्या रानम्हशी बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या, म्हणून आसामातून जोडी आणून बारनवापारा येथे ठेवण्यात आली. हत्तींसाठी २०२१ मध्ये लेमरू येथे राखीव क्षेत्र जाहीर झाले. तथापि त्या बाजूच्या खेड्यांतून हत्तीच्या पायाखाली माणूस आणि विजेच्या तारेला लागून हत्ती, अशा दोन्ही वार्ता आपण वाचतोच. हत्तीची खरी झुंज चालू आहे. ती डायनोसॉरशी नाही. ती आपल्याशी आहे, आणि त्यात माणूस जिंकला तरी तो जमेचा आकडा नव्हे. ज्याच्या शेतातले धान हत्तीने तुडविले त्या शेतकऱ्यास मी येथून उपदेश करणार नाही; त्याचे दुःख खरे आहे. परंतु आमच्या मुलांनी हत्तीचे वजन, वेग आणि बुद्धी यांचा सहा महिने हिशेब केला, तेव्हा मोठी झाल्यावर ती हा प्रश्न माझ्यापेक्षा अधिक समजून हाताळतील, एवढी आशा मला आहे.

या हिवाळ्यात मी त्या दोघा भांडखोरांना, त्यांच्या पालकांच्या अनुमतीने, वरोऱ्यास घेऊन गेलो. नागपुरात रमण विज्ञान केंद्र दाखविले आणि दुसऱ्या दिवशी पिसदुऱ्याच्या शिवारात जाऊन आलो. खरे सांगतो, पाहण्यासारखे तेथे काही नाही. तुरी, कापूस, लालसर माती, दूरवर एक बैलगाडी. आम्ही काही उकरले नाही, काही उचलले नाही. ते आपले काम नव्हे, आणि तसे करूही नये. बांधावर बसून डबे उघडले. भात आणि वरण होते.

तेव्हा मी मुलांना या शिवाराची शेवटची गोष्ट सांगितली. येथे डायनोसॉरांची शेणे दगड होऊन सापडतात. २००५ साली भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्यांतले सूक्ष्म कण तपासले, तर त्यांत गवत निघाले. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, असा तोवर समज होता. तो पिसदुऱ्याच्या शेणाने बदलला. आणि त्या गवतांत भाताच्या कुळातले गवतही होते.

धाकटा हातातल्या घासाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे सर, जिंकलं कोण? धान?”

बंधुभगिनींनो, छत्तीसगढला धानाचा कटोरा म्हणतात. आपण येथे अन्न खाल्ले, वाढलो, पन्नास वर्षे हे मंडळ चालविले. आपली मुले वऱ्हाड-नागपूरकडच्या गावांची नावे विसरत चालली, याची खंत प्रत्येक वार्षिक सभेत कोणीतरी व्यक्त करतो. मीही केली आहे. ती नावे नुसती पाठ करून घेतल्याने राहत नाहीत, असे मला आता वाटते. त्या नावाशी मुलाचा स्वतःचा एखादा प्रश्न जोडला गेला, तर ते राहते. पिसदुरा हे नाव ती दोन मुले विसरणार नाहीत.

आणि आणखी एक. वर ज्यास मी अवतरणचिन्हांत टाकले, तो धाकट्याचा प्रश्न आपण पुन्हा ऐकावा. तो ‘जिंकलं’ म्हणाला. ‘जीता’ म्हणाला नाही. मी तेव्हा त्याला ते दाखवून दिले नाही. दाखविले असते तर तो लाजला असता.

वाचनवर्गाची संख्या आज चौदा आहे. खुर्चीचा पाय बसवून आणला आहे. त्याची पावती कार्यवाहांकडे दिलेली आहे.